दुधाळ मॅडमचं नाक

आडनाव दुधाळ आणि शिकवायच्या काय, तर वाइन. आमच्या कॉलेजात या योगायोगावर जेवढे विनोद झाले तेवढे प्राचार्यांच्या सफारी सुटांवरही झाले नसतील. मॅडमना ते सगळे पाठ होते. नवा माणूस ओळख करून घेताना ओठ आवळून उभा राहिला की त्याच म्हणायच्या, "हसून घ्या आधी. मग कामाचं बोलू." तो बिचारा मग हसायचंच विसरायचा.

सांगलीत विश्रामबागेतल्या त्या कॉलेजात मी मराठी शिकवायचो. विज्ञानाच्या इमारतीतली माणसं मराठीवाल्याकडं येतात ती मानपत्र लिहून घ्यायला, नाहीतर निमंत्रणपत्रिकेतलं शुद्धलेखन तपासायला. त्यामुळं एका दुपारी दुधाळ मॅडम माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसल्या तेव्हा मी विचारलं, कोण निवृत्त होतंय? त्या म्हणाल्या, कुणी नाही, मला वासांना शब्द पाहिजेत.

तेव्हा त्यांचा विभाग नवाच होता. विद्यापीठानं द्राक्षशेती आणि वाइन असा तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला होता आणि आमच्या संस्थेनं तो हौसेनं मागून घेतला होता. मागितला खरा, पण हातात पडल्यावर घाम फुटला. संस्थेचे अध्यक्ष जन्मभर व्यसनमुक्तीवर भाषणं देत आलेले. वाइन हा शब्द पाटीवर येता कामा नये, असं ठरलं. 'द्राक्ष प्रक्रिया विभाग' अशी पाटी लागली. गावानं ती वाचलीच नाही. रिक्षावाल्याला द्राक्ष प्रक्रिया म्हटलं की तो आरशात बघून विचारायचा, "दारूच्या कॉलेजला का?"

मान्यता तात्पुरती होती. दरवर्षी नव्यानं मिळवायची आणि दरवर्षी ती मिळेल की नाही याचा घोर लावून घ्यायचा. मॅडमचं सगळं चित्त त्या एका गोष्टीत अडकलेलं. कोर्स कायम व्हायला पाहिजे, मी असू नसू, हे वाक्य त्या इतक्यांदा बोलल्या असतील की स्टाफरूममधला शिपाईही ते पुढं पूर्ण करायचा.

तर शब्द. त्यांच्याकडं एक इंग्रजी तक्ता होता. वाइनमध्ये कोणकोणते वास सापडतात ते त्यात लिहिलेलं. देवदार, कातडं, ब्लॅककरंट, आणखी कसली कसली परदेशी फळं. ह्यातलं निम्मं माझ्या पोरांनी बघितलेलं नाही तर ती हुंगणार कुठनं, असं त्यांचं म्हणणं. मी कोशात डोकं घालून 'काष्ठगंधी', 'आर्द्रमृद्गंध' असले शब्द काढून दिले. मला ते आवडले होते. मॅडमनी शांतपणे वाचले आणि म्हणाल्या, "सर, हे वाचून नाकाच्या आधी दात दुखत्यात."

मला राग आला. चार दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंच नाही, कारण त्या कॉलेजात नव्हत्याच. वर्ग घेऊन गावभर फिरत होत्या. हरिपूरला जमिनीखालच्या हळदीच्या पेवांपाशी नेऊन मुलांना वाकून वास घ्यायला लावला. गुऱ्हाळावर नेलं. बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी चालू असताना उभं केलं. चपला शिवणाऱ्याच्या दुकानात पंधरा पोरं नव्या पायताणात नाकं घालून बसलेली बघून त्या माणसानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं म्हणे. परत आल्या त्या शब्दांची झोळी भरूनच. पेवाचा वास. पाझरलेल्या गुळाचा वास. ढबू मिरचीचा देठ. जांभळाचं साल. पाटाच्या कडेचं शेवाळ. मला म्हणाल्या, आता ह्यातलं शुद्धलेखन तेवढं बघा. मी बघितलं. एकही शब्द बदलायची गरज नव्हती.

मॅडम जतच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावच्या. धनगराचं घर. वडील मेंढ्या घेऊन फिरणारे, त्यामुळं यांच्या तीन इयत्ता तीन गावांत झालेल्या. सूक्ष्मजीवशास्त्रात शिकल्या, नाशिककडं एका वायनरीत काही वर्षं काढली आणि परत आल्या. घरात मराठी आणि कानडी दोन्ही. काही बिनसलं की "होगली बिडू" म्हणायच्या. म्हणजे जाऊ दे, सोड. मान्यतेचा कागद लांबला, होगली बिडू. फ्रिज बंद पडला, होगली बिडू. पुढं पुढं आमचे अस्सल कृष्णाकाठचे प्राध्यापकही वेळापत्रकात अडचण आली की होगली बिडू म्हणायला लागले.

दिसायला ते नाक काही खास नव्हतं. जरा बसकं, डाव्या बाजूला लहानपणी टोचलेलं आणि पुढं बुजलेलं चमकीचं भोक. पण स्टाफरूमच्या दारातनंच त्या विचारायच्या, कारळ्याची चटणी कुणी आणलीय? डबा अजून पिशवीत असायचा. अत्तर, गजरा, सुगंधी तेल, सगळं वर्ज्य. हळदीकुंकवाला गेल्या की अत्तरदाणी जवळ येताच हात पाठीमागं. पोरांनी स्प्रे मारून वर्गात यायचं नाही, हा पहिला नियम. सांगलीच्या पोराला स्प्रे मारू नको म्हणणं म्हणजे भडंग बिनलसणाचा खा म्हणण्यासारखं आहे, पण पोरं ऐकायची.

दुसरा नियम थुंकण्याचा. वाइन तोंडात घ्यायची, घोळवायची आणि थुंकायची. जो गिळेल त्याचं प्रात्यक्षिक त्या दिवशी संपलं. आता आमच्या कॉलेजात प्रत्येक जिन्याच्या कोपऱ्यात 'येथे थुंकू नये' असं लाल अक्षरात रंगवलेलं. मॅडमनी त्याच रंगाऱ्याला बोलावून प्रयोगशाळेतल्या बेसिनवर लिहून घेतलं, 'येथे थुंकावे'. प्राचार्य ते बघून हबकले. ही पाटी कॉलेज तपासायला येणाऱ्या नॅकच्या लोकांनी बघितली तर काय म्हणतील, असं त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, म्हणतील की इथं तरी पाटीप्रमाणं वागत्यात.

त्या पाटीनं एक काम मात्र मोठं केलं. सातारा जिल्ह्यातल्या खटाव भागातले एक सुभेदार, लष्करातनं निवृत्त झालेले, मुलीचा प्रवेश रद्द करायला आले होते. मुलीचं नाव वैशाली. तिनं घरी 'द्राक्ष प्रक्रिया' एवढंच सांगितलं होतं. बाकीचं त्यांना गावातल्या कुणीतरी सांगितलं. मिशा ताठ, आवाज परेडचा. आमच्यात कॅन्टीनची बाटली येते, ती कशी करतात हे पोरीला शिकवायची गरज नाही, असं त्यांनी प्रवेशाच्या खिडकीवरच जाहीर केलं. मला मध्ये पडायला लावलं, कारण मी त्यांच्याच जिल्ह्यातला, कराडकडचा. माझी डाळ काही शिजेना. शेवटी त्यांना मॅडमपुढं नेऊन उभं केलं.

"मॅडम, दारू शिकलेली पोरगी कोण करून घेईल, ते सांगा," सुभेदार म्हणाले.

मॅडमनी त्यांना बेसिनपाशी नेलं आणि पाटी वाचायला लावली. मग म्हणाल्या, "माझ्याकडनं शिकून गेलेली पोरगी थुंकायला शिकती. तुमच्या गावात किती गड्यांना येतं ते?"

सुभेदारांनी पाटी पुन्हा वाचली. मग पोटातनं हसले. त्यांच्या सख्ख्या भावाचं दारूपायी काय झालं होतं ते त्यांनी आम्हाला त्या दिवशी सांगितलं नाही, वैशालीनं पुष्कळ नंतर सांगितलं. प्रवेश राहिला. पुढं तीच मुलगी विद्यापीठात पहिली आली आणि आमच्याच विभागात कंत्राटी पदावर शिकवायला लागली.

पण मॅडमचा खरा कस लागला तो बापूंच्या बागेत. कॉलेजला स्वतःची बाग नव्हती. तासगावकडच्या एका नामी बागायतदारानं, सगळे त्यांना बापू म्हणत, आपल्या रानातला एक तुकडा विभागाला दिला. मोठ्या मनाचा माणूस. त्या तुकड्यावर वाइनची द्राक्षं लावली. ती खायच्या द्राक्षांसारखी नसतात. मणी बारीक, साल जाड, आत बी. वेलीला पाणी बेतानं द्यायचं, म्हणजे रस दाट होतो. मॅडमनी हे सगळं बापूंना सांगितलं होतं आणि बापूंनी मान डोलावली होती.

फळ धरलं तेव्हा मॅडम आठवडाभर विद्यापीठात मान्यतेच्या मागं होत्या. बापू रोज सकाळी बागेत जाऊन ते मिऱ्याएवढे मणी बघायचे. रस्त्यानं जाणारे येणारे हटकायचे, बापू, औंदा बागंला काय झालं? चाळीस वर्षं टपोऱ्या द्राक्षांसाठी ज्याचं नाव घेतलं जातं त्या माणसाच्या जिवाला ते किती लागलं असेल. शेवटी त्यांना राहवलं नाही. मणी फुगवायच्या औषधात त्यांनी घड बुडवून घेतले, विरळणी केली आणि वर रात्रंदिवस पाणी सोडलं. मॅडम परत आल्या तेव्हा बापूंनी त्यांना मोठ्या अभिमानानं बागेत नेलं. मणी तरारलेले. वर्षाचा प्रयोग पाण्यात गेला होता, अगदी शब्दशः.

मीही त्या दिवशी बरोबर होतो. मला वाटलं आता भडका उडणार. मॅडमनी एक मणी तोंडात टाकला आणि विचारलं, "बापू, हे का केलं वं?"

बापू म्हणाले, "तुमची येल माज्या रानात वस्तीला आलीया. पाव्हण्याचं पोर उपाशी ठेवू व्हय मी?"

मॅडम बांधावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईतोवर हसल्या. त्या हसण्यात थोडं रडणंही असावं. त्या वर्षीची द्राक्षं टाकून देऊ असं वैशाली म्हणाली, तर नाही म्हणाल्या. त्यांचीच वाइन केली. पाण्यासारखी पातळ, ना रंग ना धार. सगळ्या वर्गाला ती तोंडात धरायला लावली आणि सांगितलं, ही चव विसरायची नाही, ह्याला पाव्हणचार म्हणायचं. तेव्हापासनं विभागात तो शब्द रुजला. लाडानं बिघडलेली पातळ वाइन म्हणजे पाव्हणचार. बापूंना कळलं तेव्हा तेही हसले आणि पुढच्या वर्षी त्या तुकड्याकडं बघायचंच नाही म्हणून वाटच बदलली.

मग करोना आला. दुसऱ्या लाटेत मॅडमना झाला. ऑक्सिजन लागला नाही, घरच्या घरी बऱ्या झाल्या, सगळे म्हणाले थोडक्यात निभावलं. ताप गेला, खोकला गेला आणि वासही गेला. महिना झाला, दोन झाले, चार झाले. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, सगळे झाले. मला फोनवर म्हणाल्या, "हिंग हुंगला, फिनेल हुंगलं. काल रॉकेल हुंगलं, सर. पाणी वाटलं." भाषेच्या माणसाला ऐन वेळी शब्द सापडू नये याची मला त्या दिवशी लाज वाटली.

दुसऱ्या कुणी असतं तर लपवलं असतं. लपवणं सोपं होतं. मॅडमनी वर्ग सुरू झाल्या दिवशी फळ्यासमोर उभं राहून सांगून टाकलं, माझं नाक गेलं, आता तुमी हुंगायचं आणि मला सांगायचं. त्यानंतर त्यांचं शिकवणं जास्तच कडक झालं. पोरगं म्हणालं गुळाचा वास, तर विचारायच्या, कसला गूळ? नवा का पाझरलेला? ढेपेच्या वरचा का बुडाचा? चारजणांना आडवे प्रश्न घालून घालून त्या पेल्यातल्या वाइनपर्यंत पोचायच्या. वैशाली म्हणायची, मॅडमना आता आमच्यापेक्षा जास्त कळतं, कारण आम्ही एका नाकानं हुंगतो आणि त्या सगळ्या वर्गाच्या.

आणि नेमकी त्याच वर्षी कायम मान्यतेसाठी विद्यापीठाची समिती यायची ठरली. इतकी वर्षं जिची वाट बघितली ती आली तेव्हा मॅडमकडं नाकच नव्हतं. विभागप्रमुखाला वास येत नाही हे समितीला कळलं तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. प्राचार्य म्हणाले, कुणी आपणहून विचारलं नाही तर आपण आपणहून बोलायचं नाही.

समिती आली. स्वागताचं भाषण अर्थातच माझ्या गळ्यात. समितीचे प्रमुख नाशिककडचे मोठे जाणकार, अंगानं किरकोळ, बोलणं हळू. त्यांनी कागद भराभर चाळले, प्रयोगशाळा बघितली, बेसिनवरची पाटी वाचून हसले. मग आपल्या पिशवीतनं एक बाटली काढली, पेल्यात ओतली आणि मॅडमपुढं धरली. सहज म्हणाले, बघा बरं, काय वाटतं?

मला माहीत नव्हतं, पण पोरांनी परस्पर बेत केला होता. कुपवाडचा प्रदीप नावाचा पोरगा खिडकीपाशी उभा. बाटली उघडल्यावर वास त्याच्यापर्यंत पोचेल अशी जागा धरून. वाइन चांगली असली तर त्यानं एकदा खोकायचं, बिघडलेली असली तर दोनदा, आणि मॅडमनी त्यावरून बोलायचं. मॅडमना हे पोरांनी त्या दिवशी सकाळीच सांगितलं होतं म्हणे. त्यांनी होही म्हटलं नव्हतं, नाहीही.

मॅडमनी पेला नाकाशी नेला. प्रदीप दोनदा खोकला. करोना नुकताच सरलेला. समितीतल्या दोघांनी खिशातनं मास्क काढून तोंडाला लावले आणि तिसरे खुर्चीसकट मागं सरकले. प्रदीप घाबरून आणखी तीनदा खोकला. आता वाइन चांगली की वाईट हे देवालाच ठाऊक.

मॅडमनी पेला खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर मला आधी हसू दिसलं आणि मग दुसरंच काहीतरी.

"घाबरू नका, सर," त्या म्हणाल्या. "त्याला खोकला न्हाई. मला नाक न्हाई."

प्राचार्य पंख्याकडं बघायला लागले. मॅडमनी सरळ सगळं सांगितलं. कधी गेलं, किती उपाय केले, डॉक्टर काय म्हणतात. प्रमुखांनी विचारलं, मग तुम्ही शिकवता कसं? मॅडम म्हणाल्या, ते पोरांनाच विचारा. आणि त्यांनी प्रदीपला पुढं बोलावलं.

प्रदीपनं पेला घेतला. हुंगलं, घोट घेतला, घोळवला, बेसिनवर जाऊन थुंकला आणि परत येऊन म्हणाला, "पाव्हणचार हाय, सर."

वर्ग फस्सकन हसला. प्रमुख म्हणाले, म्हणजे? मग प्रदीपनं सांगितलं. वेल लाडात वाढवलीय. पाणी लय दिलंय. वास पुढनं येतो पण मागं काही नाही. प्रमुखांनी पेला हातात घेतला. मग म्हणाले की ही वाइन त्यांच्या एका मित्राच्या, कालव्याच्या कडेच्या बागेतली, आणि हेच समजावून सांगायला त्यांनी मित्राला तीन पानी अहवाल लिहून दिला होता. त्यांनी तो शब्द पुन्हा एकदा विचारून घेतला.

महिन्याभरानं पत्र आलं. अभ्यासक्रमाला कायम मान्यता. आणि खाली एक ओळ, विभागप्रमुख वास आणि चव यांची परीक्षा स्वतः करू शकणारी व्यक्ती असावी. म्हणजे मॅडमनी खुर्ची सोडायची. नेमणूक वैशालीची झाली. मॅडमकडं द्राक्षशेतीचे तास राहिले.

मी संतापलो. विद्यापीठाला खरमरीत पत्र लिहायला बसलो. मॅडम आल्या, मी काय लिहितोय ते उलटं वाचलं आणि कागद उचलून घेतला.

"आवं सर, त्या साहेबांच्या जागी मी असते तर मीबी हेच लिवलं असतं."

मला वाटलं आता होगली बिडू म्हणतील. म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी प्रयोगशाळेतले धुतलेले पेले त्यांनी काढून पुन्हा धुतले. एकेक पेला उजेडाकडं धरून पुसत होत्या. त्यांना फार वाईट वाटलं होतं, आणि मलाही. दहा वर्षं कोर्स कायम व्हावा म्हणून धडपडलेल्या बाईला कोर्स मिळाला आणि त्यातली तिची जागा गेली. पण ती जागा त्यांनी त्या पेल्यापाशी स्वतःच्या तोंडानं सोडली होती, कुणी काढून घेतली नव्हती. मी त्यांना शब्द द्यायला निघालो होतो एकेकाळी. 'मला नाक न्हाई' एवढं सरळ वाक्य माझ्या कोशात नव्हतं.

यंदा त्या निवृत्त झाल्या आणि जतकडं गावी जायला निघाल्या. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. त्यांचं मानपत्र लिहायची माझी एकमेव संधी हुकली. जायच्या दिवशी वैशालीचा तास चालू होता, नव्या पोरांचा पहिलाच. मॅडम पिशवी घेऊन दारात थांबल्या. मी त्यांच्यामागं. वैशालीनं आत बोलावलं, पोरं उभी राहिली, मॅडमनी हातानं बसा म्हटलं. पहिल्या बाकावर एक मुलगी हातात पेला धरून अवघडून बसली होती. मॅडमनी तिच्या हातातनं तो घेतला आणि डोळे मिटून, मान खाली घालून, पूर्वी घ्यायच्या तसा वास घेतला. खूप वेळ. वैशाली फळ्याकडं तोंड करून उभी राहिली.

मॅडमनी पेला मुलीला परत दिला.

"सांग," त्या म्हणाल्या.

मुलीनं हुंगलं. भीत भीत म्हणाली, "आमच्या आजीच्या पेटीत कवठ ठेवत्यात, मॅडम. पेटी उघडली की येतो, तसा."

"चांगला का वंगाळ?"

"चांगला हाय."

"मग मला बी आला," मॅडम म्हणाल्या, आणि पिशवी खांद्याला लावून जतची गाडी गाठायला निघाल्या.